ब्लेक्स सेव्हन पुन्हा बघतेय: 'ऑर्बिट'पर्यंत पोचले

अपडेट मंडळी. चौथ्या सीझनचा अकरावा एपिसोड 'ऑर्बिट' काल रात्री बघून झाला, आता 'वॉरलॉर्ड' आणि 'ब्लेक' एवढे दोनच राहिलेत. पुढे सगळे स्पॉयलर आहेत, ज्यांनी सिरीज बघितलीच नाहीये त्यांनी इथेच थांबा, खरंच थांबा, शेवट माहीत नसताना बघण्यात जे आहे ते परत मिळत नाही.

नव्या लोकांसाठी थोडक्यात: बीबीसीची अंतराळातली साय-फाय सिरीज, फेडरेशन नावाच्या जुलमी सत्तेविरुद्ध लढणाऱ्या ब्लेक आणि त्याच्या साथीदारांची गोष्ट, जानेवारी १९७८ ते डिसेंबर १९८१, १३-१३ एपिसोडचे चार सीझन. कल्पना टेरी नेशनची, म्हणजे डॉक्टर हू या सिरीजमधले डालेक नावाचे खलनायक ज्याने आणले तोच, आणि पहिला सीझन अख्खा त्यानेच लिहिलाय. स्क्रिप्ट एडिटर ख्रिस बाउचर. सेट हलतात, अर्धे ग्रह दगडखाणीत शूट केलेत, स्टुडिओतला भाग व्हिडिओ टेपवर आणि बाहेरचा फिल्मवर असल्यामुळे दार उघडून बाहेर आलं की चित्राचा पोतच बदलतो. मला याचा अजिबात त्रास होत नाही, कारण इथे सगळा जीव माणसांच्या बोलण्यात आहे.

यावेळी एकच धागा धरून बघतेय: ब्लेकचा साथीदार एव्हॉन कोणावर विश्वास ठेवतो आणि त्याची काय किंमत मोजतो. शेवटच्या एपिसोडमध्ये तो ब्लेकला गोळ्या घालतो ते धक्का द्यायला केलं असं खूप जण म्हणतात, पण ओळीने बघितलं ना की दिसतं, तिथपर्यंतचा रस्ता आधीपासून बांधत आणलाय.

तिसऱ्या सीझनमधला 'रूमर्स ऑफ डेथ' घ्या. आपल्या प्रेयसीला, अ‍ॅनाला ज्याने मारलं त्याला शोधायला एव्हॉन मुद्दाम फेडरेशनच्या हाती लागतो, छळ सहन करतो, आणि शेवटी कळतं की अ‍ॅना जिवंत आहे आणि तीच त्याच्यावर नजर ठेवणारी एजंट होती. तो तिला स्वतःच्या हाताने मारतो. एव्हॉनचं काम करणारा पॉल डॅरो इथे चेहऱ्यावर जवळजवळ काहीच येऊ देत नाही आणि तरी सगळं पोचतं, माझ्यासाठी अख्ख्या सिरीजमधलं त्याचं सर्वात भारी काम हेच. मग त्याच सीझनच्या शेवटी 'टर्मिनल', ब्लेकचा निरोप आला म्हणून कोणाला काही न सांगता एव्हॉन निघतो, वाटेतल्या कणांच्या ढगातून जहाज तसंच पुढे दामटतो, आणि तो ब्लेक निघतो फेडरेशनची प्रमुख सर्व्हलॅन हिने दाखवलेला भास. त्यांचं जहाज लिबरेटर जातं ते त्या ढगामुळे. म्हणजे अ‍ॅनावर विश्वास ठेवला तर ती एजंट निघाली, ब्लेकच्या हाकेला धावला तर जहाज गेलं.

आणि मग 'ऑर्बिट'. रॉबर्ट होम्सची स्क्रिप्ट. शटलमध्ये फक्त एव्हॉन आणि त्याचा जुना साथीदार व्हिला, वजन जास्त झाल्यामुळे वर जाता येत नाहीये, सापडेल ते सगळं बाहेर फेकून झालंय तरी अजून सत्तरेक किलो कमी करायचेत, आणि त्यांचा बोलणारा संगणक ओरॅक शांतपणे सांगतो की व्हिलाचं वजन ७३ किलो आहे. तिथून पुढे एव्हॉन ज्या गोड आवाजात व्हिलाला हाका मारत फिरतो ना, आणि व्हिला लपून तोंड दाबून रडतोय... पुढे काय होणार हे पाठ असूनही मला पॉज करावं लागलं. न्यूट्रॉन ताऱ्याचा इवलासा पण भयंकर जड कण लपवलेला असतो तो सापडतो, तो बाहेर टाकल्यावर दोघं वाचतात, पण व्हिलाने जे ऐकायचं ते ऐकलेलंय. व्हिलाचं काम करणारा मायकल कीटिंग हा ५२च्या ५२ एपिसोडमध्ये असलेला एकमेव नट, त्यामुळे हा घाव एव्हॉनसोबत पहिल्यापासून राहिलेल्या माणसावर बसतो, म्हणून तो एवढा खोल जातो.

सर्व्हलॅनबद्दल वेगळं लिहायचंय, तिचं काम करणाऱ्या जॅकलिन पिअर्सला दोन ओळींत उरकणं बरोबर नाही.

आता पुढचा प्लॅन: 'वॉरलॉर्ड' आज, 'ब्लेक' शनिवारी, दोन्हीत व्हिला एव्हॉनच्या किती जवळ उभा राहतो आणि त्याच्याशी किती बोलतो ते नोंदवणारे. कोणी सोबत बघत असेल तर तुम्हीही तेवढं बघून ठेवा, मग बोलू.