रेडरुथची पॅस्टी

अमेरिकेत ब्रिटिश जेवणाचा विषय निघाला की समोरचा माणूस हसायला लागतो. ऑफिसात, शेजारीपाजारी, मुलीच्या शाळेतल्या पालकांमध्ये, सगळीकडे तेच. उकडलेलं, पांढुरकं, बेचव. असं म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी इंग्लंडमध्ये पाऊलही ठेवलेलं नसतं. मला हे पहिल्यापासून खटकायचं. का खटकतं ते यंदाच्या उन्हाळ्यात नीट कळलं, म्हणून लिहायला बसले.

आम्ही चौघं होतो. मी आणि माझा नवरा, डेट्रॉइटजवळ राहणारे. सोबत माझी ऑफिसातली मैत्रीण, लुइझियानातल्या लाफायेटची, आणि तिचा नवरा. तो मिशिगनचाच, पण पार उत्तरेकडच्या हॅन्कॉक गावचा. लंडनचे दिवस संग्रहालयांत आणि पावसात गेले. त्यातलं एक जेवण मात्र विसरता येत नाही. पर्यटकांनी तुडुंब भरलेला एक पब, बसायला जागा मिळेपर्यंत पाय दुखून आलेले, आणि मग समोर आला तो 'पाय' (pie) म्हणजे वाडग्यातल्या रश्श्यावर ठेवलेलं फुगीर झाकण. मटार शिजून शिजून शेवाळी झालेले. मैत्रिणीने दोन घासांत काटा खाली ठेवला. "सगळ्या जगाचे मसाले लुटून नेले आणि वापरला एकही नाही," ती म्हणाली. हा विनोद अमेरिकेत जुनाच आहे, पण त्या ताटासमोर त्याला उत्तर देणं कठीण होतं. जेवण वाईटच होतं, आणि त्याचे पैसे मोजताना मलाही राग आला.

पण हे म्हणणारी बाई कोण, ते सांगायला हवं. गम्बो म्हणजे लुइझियानाचा दाट रस्सा. त्याचा पहिला चमचा तोंडात घालून ती सांगते, करणारा न्यू ऑर्लिन्सचा क्रिओल की गावाकडचा केजन. रू (तेलात-लोण्यात परतलेलं पीठ) किती काळपट भाजलाय, टोमॅटो पडलाय का, दाटपणा भेंडीने आलाय की ससाफ्रासच्या वाळवलेल्या पानांच्या पुडीने, यावर ती तासभर बोलू शकते. बार्बेक्यूचंही तसंच. एकट्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात दोन पंथ आहेत. पूर्वेकडे अख्खं डुक्कर आणि व्हिनेगर-मिरचीचं पाणी, पश्चिमेला लेक्सिंग्टनकडे फक्त खांद्याचं मांस आणि सॉसमध्ये थोडं केचप. खाली साउथ कॅरोलायनात गेलात तर मोहरीचा पिवळा सॉस. तिला हे सगळं पाठ आहे. मालवणी आणि कोल्हापुरी वाटणात फरक काय, हे ऑफिसात मी कितीतरी जणांना समजावलं असेल, पण पहिल्या फटक्यात कळलं ते हिला. "म्हणजे आमच्या क्रिओल आणि केजनसारखं," असं म्हणून तिने पुढचा प्रश्न थेट नारळावर विचारला होता.

आणि हीच बाई "ब्रिटिश फूड" असा एकच शब्द वापरून अख्खं बेट निकालात काढत होती. स्वतःच्या देशात परगण्यागणिक चव मोजायची आणि दुसऱ्याचा देश लंडनच्या एका पबवरून ठरवायचा! कुणी डेट्रॉइट ते लाफायेट फक्त हायवेच्या एक्झिटवर खात गेला, तर अमेरिकेबद्दल तो काय सांगेल? प्रत्येक एक्झिटला तेच बर्गर, तेच फ्राइज. मी हे तिला तिथेच सांगितलं. ती चिडली नाही, पण पटलंही नाही.

दुसऱ्या दिवशी लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनहून इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलची गाडी पकडली. डॉलिशजवळ रूळ समुद्राला इतके चिकटून जातात की भरतीला लाटा खिडकीवर येतील असं वाटतं. मग ब्रुनेल या इंजिनियरचा १८५९ सालचा पूल आला, टेमर नदी ओलांडली आणि कॉर्नवॉल सुरू झालं. रेडरुथच्या अलीकडे-पलीकडे माळावर दगडी इंजिन-घरं आणि त्यांची उंच धुराडी दिसायला लागली. तांब्याच्या आणि कथलाच्या बंद पडलेल्या खाणी. हॅन्कॉकवाला खिडकीपाशी उभाच राहिला. त्याच्या गावच्या टेकडीवरही क्विन्सी नावाची बंद तांब्याची खाण आहे.

रेडरुथला बहुतेक पर्यटक उतरत नाहीत, ते पुढे सेंट आइव्हजला जातात. आम्ही उतरलो ते या हॅन्कॉकवाल्यासाठी. स्टेशनजवळच्या एका बेकरीत शिरलो. काउंटरमागे वयस्क बाई, मागे भट्टीची ऊब, आणि मिरपूड-कांद्याचा असा वास की तिघेही एकदम गप्प झाले. पॅस्टी म्हणजे पिठाच्या पारीत सारण भरून भट्टीत भाजलेली मोठी करंजीच. तिघांनी बीफची पॅस्टी घेतली. मी बीफ खात नाही, म्हणून चीज आणि कांद्याची. बाईंनी हसून सांगितलं की माझी छानच आहे, पण कायद्याने ती "कॉर्निश पॅस्टी" नव्हे. २०११ पासून त्या नावाला भौगोलिक संरक्षण आहे. कॉर्नवॉलमध्येच भरलेली, इंग्रजी डीच्या आकाराची, कडेला मुरड घातलेली, आत बीफ, बटाटा, कांदा आणि स्वीड. स्वीड म्हणजे सलगमच्या कुळातला पिवळट कंद. सगळं कच्चंच भरायचं आणि आतल्या वाफेवर शिजू द्यायचं. गाजर घातलं तर ती कॉर्निश नाहीच. हे शेवटचं सांगताना बाईंचा आवाज चढला होता.

हॅन्कॉकवाल्याने पहिला घास घेतला आणि लगेच बोलायला लागला, थांबेचना. त्याची आजी दर शनिवारी पॅस्टी करायची. आकार हाच, मिरपूड हीच, कंदही हाच, फक्त त्यांच्याकडे त्याला रुटाबागा म्हणतात. १८४०च्या दशकात मिशिगनच्या उत्तरेला तांब्यासाठी खाणी खोदायला सुरुवात झाली, तेव्हा खोल खडकात काम करायची विद्या होती कॉर्नवॉलच्या लोकांकडे. ते आले, डब्यात पॅस्टी घेऊन खाणीत उतरले. मागून आलेल्या फिनलंडच्या कामगारांनी ती त्यांच्याकडून उचलली. आज तिकडे फिनिश आडनावाची माणसंही पॅस्टी आपलीच म्हणतात, आणि तिच्यावर केचप घालायचं की ग्रेव्ही यावरून घराघरांत भांडतात. केचपचं नाव काढताच बेकरीतल्या बाईंनी जोरात मान हलवली. काहीही नको, हातात धरायची आणि खायची. त्याने केचप मागितलं नाही, पण आजी चुकीची होती हेही कबूल केलं नाही. पाऊण तास ती दोघं बोलत होती. गिऱ्हाईक आलं की बाई थांबायच्या, पॅस्टी बांधून द्यायच्या आणि परत येऊन धागा पकडायच्या. निघताना त्यांनी आम्हाला सॅफ्रन बन (केशराचे गोड पाव) बांधून दिले, पैसे घेतले नाहीत. इतकी अगत्याची दुकानदारीण मला मोठ्या शहरात क्वचितच भेटली असेल.

मिशिगनमध्ये हीच पॅस्टी "आमचा अस्सल प्रादेशिक पदार्थ" म्हणून मिरवते. उत्तर मिशिगनकडे नेणारा मॅकिनॉ पूल ओलांडला की हायवेवर पाट्याच पाट्या. तीच पॅस्टी कॉर्नवॉलमध्ये असली की ब्रिटिश फूड, म्हणजे हसण्याचा विषय. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडमधल्या 'पाय'चं आणि पुडिंगांचंही मूळ इंग्रजी स्वयंपाकघरातच आहे. हे मी मैत्रिणीला विचारलं तेव्हा ती पहिल्यांदा थोडा वेळ काही बोलली नाही.

मग तिने आजोबांचं सांगितलं. ते दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली इंग्लंडमध्ये होते, लढायला फ्रान्समधल्या नॉर्मंडीला जाण्याआधी. घरी आल्यावर आयुष्यभर कोबीचा वास आणि अंड्याच्या पुडीबद्दल बोलायचे. मला वाटतं मूळ इथे आहे. त्या वर्षी जूनपर्यंत सुमारे १५ लाख अमेरिकन सैनिक ब्रिटनमध्ये होते आणि त्यांनी पाहिलं ते रेशनवरचं ब्रिटन. रेशन सुरू झालं जानेवारी १९४० मध्ये आणि मांसावरचं शेवटचं बंधन उठलं ४ जुलै १९५४ ला. चौदा वर्षं! युद्धात न लागलेलं पावाचं रेशन युद्ध संपल्यावर १९४६ ला लागलं. दूध सरकारने ठरवून दिलेल्या एकाच प्रकारच्या चेडर चीजकडे वळवलं गेलं आणि गावोगावची चीज करणारी शेतघरं बंद पडली. ती अंड्याची पूडही बरीचशी अमेरिकेतूनच यायची. एका पिढीच्या हातची चव अशी गेली, आणि पाहुण्यांनी नेमक्या त्या वर्षांची आठवण घरी नेली. लंडनच्या पबला यामुळे माफी नाही. पण आजोबांच्या आठवणीवर नातीने आजचं जेवण मोजावं, हे मला पटत नाही.

पेन्झन्सला ज्या घरगुती लॉजमध्ये उतरलो तिथे सकाळी बीन्स-टोस्ट आला. मैत्रीण पुन्हा हसली. उसळ-पाव खाऊन वाढलेल्या मला त्यात हसण्यासारखं काय आहे तेच कळत नाही. शिवाय हे बीन्स ब्रिटनमध्ये आले अमेरिकेतूनच. पिट्सबर्गच्या हाइन्झ कंपनीने लंडनच्या फोर्टनम अँड मेसन या उंची दुकानात ते विकायला आणले, तेव्हा ती चैनीची परदेशी वस्तू होती. आणि हिच्या लुइझियानात दर सोमवारी राजमा-भात करायची रीतच आहे. भातावर चालतो तर पावावर का नाही? यावर तिने टोस्ट संपवला. बीन्स गोड आहेत ही तिची तक्रार मात्र रास्त होती, मलाही ते गोडच लागले.

एका बाबतीत मी पूर्णपणे तिच्या बाजूने आहे. पेन्झन्सजवळच्या न्यूलिन बंदरात मासा इतका ताजा उतरतो की पाहून हरखून जावं, आणि त्यातला कितीतरी सरळ फ्रान्स-स्पेनला जातो. तिथला खेकडा आम्हाला उकडून, गार करून, मेयोनीजसोबत मिळाला. ती लाल मिरचीच्या पाण्यात खेकडे उकळणाऱ्यांतली, मी कुर्ल्यांच्या कालवणावर वाढलेली. इतका गोड खेकडा आणि तिखटाचा स्पर्शही नाही, याचं आम्हा दोघींना सारखंच वाईट वाटलं. नवरे मात्र चाटूनपुसून खात होते.

परतीच्या गाडीत पुढच्या वर्षीचं ठरायला लागलं. यादी मैत्रिणीनेच केली: क्रॅस्टरचे किपर्स (धुरावलेले हेरिंग मासे), आर्ब्रोथचे स्मोकी (धुरावलेले हॅडॉक मासे), मेल्टन मोब्रेचा पोर्क पाय, बेकवेलचं पुडिंग. लंडन त्यात नाही.