मुगाच्या मुळावरच्या गाठी

शाळेच्या गच्चीवर ड्रममध्ये लावलेला मूग फुलावर आलाय. आज नववीच्या पोरांनी एक रोप अलगद उपटलं. मुळांवर मोहरीएवढ्या गाठी! एक ब्लेडने चिरली, तर आत गुलाबी. म्हणजे रायझोबियम जिवाणूंचं काम जोरात चाललंय. हवेत 78 टक्के नत्र, पण पिकाला ते थेट घेता येत नाही. हे जिवाणू ते वापरण्याजोगं करून देतात. शेती शिकवण्यात केस पिकले माझे, तरी तो गुलाबी रंग दिसला की अंगावर काटा येतो.

"मुंबईत शेती शिकून करायचं काय?" असं पोरांचे आई-वडील अजूनही विचारतात. अहो, जेवतो ना आपण रोज!

शेंगा तोडल्या की मुळं मातीतच ठेवायची, वर लाल माठ पेरायचा. बियाणं दादरहून आणायचं पोरांनीच ठरवलंय.