मांडवामागून ऐकलेली खंजिरी

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीचा गुरुकुंज मोझरीचा महोत्सव आटोपला, की अमरावती जिल्ह्यातल्या गावागावांत गुरुदेव सेवा मंडळांचे आपापले कार्यक्रम सुरू होतात आणि ते थंडीभर चालत राहतात. आमच्या गावचा कार्यक्रम कपाशीचा पहिला वेचा घरात आल्यानंतरच ठरत असे, कारण त्याआधी कोणाच्या हाताला सवड नसे आणि वर्गणीला पैसाही नसे. पहाटे रामधून गावभर फिरे, सकाळी सामुदायिक ध्यान, सायंकाळी सामुदायिक प्रार्थना, रात्री खंजिरी भजन आणि शेवटच्या दिवशी गोपाळकाला व महाप्रसाद, असा क्रम होता. भाषणेही होत, त्यांतले आता काही आठवत नाही.

रात्रीच्या भजनाआधी मांडवाच्या कडेला शेकोटी पेटे आणि भजनी मंडळी आपापल्या खंजिऱ्या तिच्यावर धरून बसत, कारण दवाने कातडे सैल पडले की खंजिरीचा आवाज बसतो. त्यांतले एक वयस्कर बाबाजी खंजिरी थोडी शेकली की तिच्यावर बोटाने टिचकी मारत, कान जवळ नेत, मान हलवून ती पुन्हा विस्तवावर धरत आणि आवाज टणक निघाल्याशिवाय मांडवात पाऊल ठेवत नसत.

आम्हा मुलींना मात्र ते भजन समोर बसून फारसे ऐकायला मिळाले नाही. मांडवामागे दुसऱ्या दिवसाच्या महाप्रसादासाठी आलू-वांगी चिरली जात, तिथे आईच्या शेजारी आमची जागा असे. पद रंगात आले की एखादी म्हातारी दटावी, “पोरीहो, भांडे हळू ठेवा वं, भजन चालू हाय.” आईला कितीतरी पदे तोंडपाठ होती, पण ती गाणारे बुवा तिने क्वचितच पाहिले असतील. सर्वांत मन लावून ऐकणाऱ्या बायकाच मांडवाच्या बाहेर राहिल्या, हे मला आज खटकते. महाराजांनी तर ग्रामगीतेत महिलोन्नतीवर स्वतंत्र अध्याय लिहिला आहे.

गेल्या हिवाळ्यात नागपूरहून अमरावतीला जाताना एस. टी. तिवशाला थांबली आणि दूरच्या कुठल्यातरी मांडवातले भजन लाऊडस्पीकरवरून वाऱ्यासोबत येऊ लागले. शब्द कळत नव्हते. खंजिरीच्या झांजांची किणकिण आणि ध्रुपद उचलणाऱ्या साथीदारांचा एकत्रित स्वर, एवढेच कानी पडत होते. तेवढ्याने वांग्याच्या रसाने काळी पडलेली माझी बोटे, आईच्या बांगड्यांचा आवाज आणि परातीतल्या पाण्याचा गारठा असे सारे एकदम जिवंत झाले. हीच भजने मी मोबाईलवर अनेकदा लावून ऐकते, ती गोडही वाटतात, पण तेव्हा लक्ष शब्दांकडे आणि गाणाऱ्याच्या गळ्याकडे जाते. आमच्या लहानपणी ती आमच्यापर्यंत अशीच अर्धवट, कापडाआडून, काम करता करता पोहोचली होती. म्हणून मला वाटते, न बोलावता आणि तशीच तुटक आली तरच ती मला आईपाशी नेतात.

शेजारच्या आसनावरच्या वयस्कर बाईंचे ओठ हलत होते. त्यांनी माझ्याकडे वळून “कोण्या गावची वं तू?” म्हणून विचारले, आणि मग नांदगाव पेठ येईपर्यंत आम्ही दोघी आपापल्या गावच्या काल्याविषयीच बोलत राहिलो. त्यांच्या गावात आता बायकांचे स्वतंत्र खंजिरी भजन मंडळ आहे, ते मांडवात मधोमध बसून गाते आणि त्या स्वतः त्यात टाळ धरतात. उतरण्याआधी त्यांनी मला यंदाच्या कार्यक्रमाला येण्याचे आग्रहाने निमंत्रण दिले, आणि मी माझ्या लेकीला घेऊन जाणार आहे.