तळेगावचा फ्लॅट आणि चार आयकार्डं

काल परत त्या एजंटचा व्हॉट्सअ‍ॅप आला. "कोरियन कंपनीपासून फक्त ५ मिनिटं, शेवटचे ४ प्लॉट शिल्लक." हे शेवटचे चार मला दोन वर्षं येतायत.

तर आधी माझाच किस्सा सांगतो. तळेगावात जनरल मोटर्सचा प्लांट २००८ ला सुरू झाला, पुढच्याच वर्षी तिकडे चाकणला फोक्सवॅगन, आणि आमच्या चिंचवडच्या ऑफिसात डबा खाताना दुसरा विषयच नसायचा. बुकिंगपुरते पैसे जमले की माणूस निघाला तळेगावला नाहीतर चाकणला. मी पण २०११ ला स्टेशनच्या बाजूला वन बीएचके घेतला, सतरा लाखाला, कारण डोक्यात गणित असं की परदेशी कंपनी आली म्हणजे इंजिनियर येणार, इंजिनियरला घर लागणार, आणि भाड्यात निम्मा ईएमआय तरी सुटणार.

इंजिनियर काय आलेच नाहीत. म्हणजे कामाला आले, राहायला नाही आले. ते राहिले वाकडला, बाणेरला, निगडीला, कारण बायकोची नोकरी हिंजवडीत, पोरांची शाळा तिकडे, आणि कंपनीची बस सोसायटीच्या गेटवरून उचलायची. माझ्याकडे भाड्याने आली लातूर-नांदेडकडची चार पोरं, कॉन्ट्रॅक्टवरची. एकदा टाकीचं काम बघायला गेलो तर घरात दोनच गाद्या. म्हणलं चौघं झोपता कसे रे, तर म्हणे काका दोघं नाइटला असतात की. दाराशी सेफ्टी शूज ओळीत, खिळ्याला चार आयकार्डं, चारही वेगळ्या रंगाच्या नाडीची, आणि मोठ्या कंपनीचं त्यात एकही नाही, सगळी पार्ट बनवणाऱ्या छोट्या छोट्या व्हेंडरांची. भाडं सहा हजार, माणशी दीड हजार. पाचशे वाढवायचं नुसतं नाव काढलं तर म्हणाली वराळ्याला खोली बघतो. चूक माझीच, मी मोठ्या कंपनीचा बोर्ड बघून फ्लॅट घेतला आणि भाडं देणार होता तो कॉन्ट्रॅक्टरकडून पगार घेणारा पोरगा.

पण त्याच व्हेंडरवाल्यांनी मला नंतर वाचवलं पण. २०१७ ला जीएमने भारतात गाड्या विकणं बंद केलं, एक्सपोर्टसाठी प्लांट चालू ठेवला, डिसेंबर २०२० मधे तेही थांबलं. लॉकडाऊनमधे पोरं गावाला गेली तेव्हा माझा फ्लॅट पाच महिने रिकामा होता, पण नंतर भाडेकरू परत मिळाले, कारण व्हेंडर एकाच कंपनीवर जगत नाही, चाकणच्या दुसऱ्या चार प्लांटना माल देतो.

जमिनीचं मात्र वेगळंच. २०२० च्या सुरुवातीला चीनची ग्रेट वॉल मोटर हा प्लांट घेणार असं जाहीर झालं, मग एप्रिलमधे केंद्राने सीमेला लागून असलेल्या देशांच्या गुंतवणुकीवर मंजुरीची अट घातली, आणि ते प्रकरण लोंबकळत लोंबकळत २०२२ ला संपलं. त्याच पावसाळ्यात तळेगावला वेदांता-फॉक्सकॉनचा चिपचा कारखाना येणार असं सुरू झालं. एजंटचा फोन, "दादा आता विकू नका, सेमीकंडक्टर येतंय." सप्टेंबरात ते गुजरातला गेलं, आणि पुढच्या जुलैत फॉक्सकॉनच त्यातून बाहेर पडली. एवढं सगळं होऊन मला कुणी स्वस्त जमीन दाखवली? छे. ज्याची वडिलोपार्जित जमीन आहे त्याला कसला आलाय हप्ता, तो बसून राहतो, सांगायचा भाव तोच ठेवतो, फक्त सौदे होत नाहीत. आणि ज्याने लोन काढून सेकंड फ्लॅट घेतलाय तो पहिला घायकुतीला येतो. आमच्याच बिल्डिंगमधे दोघांनी घेतल्या भावाला विकले, दहा वर्षांनी. व्याज कोण मोजतंय.

मग ऑगस्ट २०२३ ला कोरियाच्या ह्युंदाईने जीएमचा तोच प्लांट घ्यायचा करार केला आणि एजंट लोक परत जिवंत झाले. गाडी बाहेर पडायला २०२५ उजाडलं, पण प्लॉटचा रेट करार झाला त्याच आठवड्यात वाढवून सांगायला लागले. माझं भाडं वाढलं गेल्या वर्षी, साडेआठचं दहा झालं, तेही नवीन पोरं ट्रेनी म्हणून लागली तेव्हा. म्हणजे मधली दोन वर्षं ज्याने चढ्या भावात घेतलं त्याने आशेचंच व्याज भरलं. त्यात हे प्लॉट कसले, दोन गुंठ्याचे, सातबाऱ्यावर अकरा नावं, आणि एनए, म्हणजे बिगरशेतीची परवानगी, विचारलं की "होऊन जाईल साहेब."

तरी मागच्या महिन्यात गेलो बघायला. मुद्दाम दुपारी, शिफ्ट सुटायच्या वेळेला. चाकण रोडला कंटेनरच्या मागे अडकलो, पुढे कंपनीच्या बसेसची रांग, पायात क्लच धरून पोटरी दुखली. प्लॉटपासून गेटपर्यंत पस्तीस मिनिटं. एजंटला तसं कळवलं तर त्याने अंगठा पाठवला आणि खाली दुसरा प्लॉट, "इथून ३ मिनिटं".