माल्टाचा स्वीपर

माल्टाचा फुटबॉलपटू म्हटलं की इथली माणसं पहिलं नाव घेतात कार्मेल बुसुतिलचं, नाहीतर मायकल मिफसूदचं. दोघंही गोल मारणारे. मिफसूदनं २००७ मध्ये कॉव्हेंट्रीकडून खेळताना ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडला दोन गोल हाणले, ते ऐकल्याशिवाय इथल्या कुठल्याही बारमधून सुटका होत नाही. मला मात्र जॉन बुटिजीजबद्दल लिहायचंय. तो बॅक, म्हणजे बचावातला खेळाडू होता, आणि मीही एकेकाळी कोल्हापुरात पेठेच्या ज्युनियर टीमचा स्टॉपर होतो. (माझी कारकीर्द एवढ्या एका वाक्यात संपते.)

नोकरीसाठी माल्टात आलो आणि राहायला जागा मिळाली ग्झिरात. इथं घरांच्या गर्दीत एम्पायर स्टेडियम अनेक वर्षं पडीक आहे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ता'आलीचं नॅशनल स्टेडियम होईपर्यंत देशाचं फुटबॉल म्हणजे हेच मैदान. गवताची काडी नाही, नुसती वाळू आणि दडपलेली कडक माती. घसरून टॅकल केला की गुडघा सोलून निघणार. १९७९ च्या फेब्रुवारीत पश्चिम जर्मनीची टीम इथं येऊन ०-० करून परत गेली. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या धुळीत खेळलेल्या माणसाला त्या निकालाचं जर्मनांइतकं आश्चर्य वाटणार नाही.

ग्झिराला लागूनच स्लीमा. बुटिजीजचा जन्म १९६३ चा आणि क्लब स्लीमा वाँडरर्स. तेव्हा माल्टात खेळाडू म्हणजे दिवसा नोकरी आणि संध्याकाळी प्रॅक्टिस. पगारी व्यावसायिक होणं हा विचारच कुणी गंभीरपणे करत नसे. तशात पोरगा नॅशनल टीममध्ये आला, आणि पुढं माल्टाकडून शंभराला थोड्याच कमी मॅच खेळला. बॅकसाठी हा आकडा मोठाच, पण माल्टाच्या बॅकसाठी त्याचा अर्थ वेगळा होतो. नव्वद मिनिटांतली सत्तर आपल्याच हाफमध्ये काढायची, असे शंभरेक दिवस.

बुटिजीज स्वीपर खेळायचा. नव्या पोरांना सांगायला हवं, कारण ही जागा आता जवळपास गेलीच. दोन स्टॉपर समोरच्या फॉरवर्डांना धरून बसतात आणि स्वीपर त्यांच्या मागं मोकळा. त्याला कुणाला धरायचं नसतं. सुटलेला बॉल गोळा करायचा, पुढं काय होणार ते आधी ओळखायचं आणि बॉल हाती लागला की घाईनं न मारता खेळ सुरू करून द्यायचा. जी टीम सतत दबावाखाली असते तिथं हा माणूस सगळ्यात जास्त बघतो. माल्टानं त्या काळात जे काही कमावलं ते अशाच खेळावर: १९८७ मध्ये पोर्तुगालशी त्यांच्याच फुंशालमध्ये २-२, पुढच्या वर्षी स्कॉटलंडशी १-१. गोल बहुतेक बुसुतिलचे. मागं काय चाललं होतं ते स्कोअरकार्डात येत नाही.

१९८८ मध्ये दोघंही बाहेर पडले. बुसुतिल बेल्जियमला गेला आणि तिथं सहा वर्षं टिकला. बुटिजीज वर्षअखेरीस लंडनच्या ब्रेंटफर्डला गेला. मॅनेजर स्टीव्ह पेरीमन, टॉटेनहॅमचा जुना कॅप्टन. क्लब तिसऱ्या डिव्हिजनमध्ये. मैदान ग्रिफिन पार्क, ज्याच्या चारी कोपऱ्यांवर एकेक पब होता. त्या सीझनला ब्रेंटफर्डनं एफए कपमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत, मँचेस्टर सिटी आणि ब्लॅकबर्नला घरी पाठवलं आणि क्वार्टर फायनलला अॅनफिल्डवर लिव्हरपूलकडून ४-० नं मार खाल्ला. क्लबसाठी दिवस चांगले होते.

पण इंग्लंडच्या तिसऱ्या डिव्हिजनमध्ये स्वीपर ठेवायचा कुठं? तिथं चार बॅक एका रेषेत, समोरचा फॉरवर्ड ऑफसाइड, म्हणजे बॅकच्या रेषेपलीकडं, पकडला जावा म्हणून सगळ्यांनी एकदम पुढं सरकायचं, आणि डोक्यावरून येणारा लांब बॉल हेडरनं परत धाडायचा. सीझनला ४६ लीग मॅच, आठवड्याला दोन-दोन. मागं मोकळं राहून खेळ वाचणारा माणूस या हिशोबात बसत नाही. मागं राहिला तर ऑफसाइडची रेषच मोडतो. माझ्या मते बुटिजीजची अडचण कुवतीची नव्हती, जागेची होती. लीगमध्ये चाळीसच्या आसपास मॅच मिळाल्या, मधे थोडे दिवस स्विंडनला उसना गेला, आणि मग घरी परत. एखाद्या इटालियन क्लबनं आधी विचारलं असतं तर? तिथं त्या काळात लिबेरोला, म्हणजे स्वीपरलाच, मान होता. असो, जरतरची लीग कुणी जिंकत नाही.

ब्रेंटफर्डच्या काळातच वर्ल्ड कप पात्रता चालू होती. माल्टाच्या गटात स्पेन, आयर्लंड, हंगेरी, उत्तर आयर्लंड. हंगेरीशी दोन्ही मॅच बरोबरीत सोडवल्या, ता'आलीत २-२ आणि बुडापेस्टमध्ये १-१. नोव्हेंबर १९८९ मध्ये आयर्लंड ता'आलीत आलं, जॉन ऑल्ड्रिजनं दोन गोल केले आणि आयर्लंड पहिल्यांदा वर्ल्ड कपला गेलं. दुसऱ्यांचे उत्सव आपल्या अंगणात बघायची माल्टाला सवयच आहे.

परतल्यावर तो फ्लोरियानाकडून खेळला. स्लीमावाल्यांपुढं हे नाव जपून घ्यावं. या दोन क्लबांचं वैर शंभर वर्षांचं, कोल्हापुरात पाटाकडील आणि शिवाजी मंडळाची मॅच बघितलेल्यांना वेगळं काही सांगायला नको. १९९२-९३ ला फ्लोरियाना चँपियन झालं.

२००९ ते २०११ बुटिजीज नॅशनल टीमचा कोच होता. युरो २०१२ च्या पात्रता फेरीत माल्टाला एकच पॉइंट मिळाला, जॉर्जियाशी १-१ चा. पण त्या मोहिमेतली मला बोचणारी मॅच दुसरी. २६ मार्च २०११, ता'आली, समोर ग्रीस. नव्वद मिनिटं माल्टानं गोल खाल्ला नाही. बेंचवर आयुष्यभर स्वीपर खेळलेला माणूस उभा, म्हणजे त्याला धोका आमच्या-तुमच्या आधी दिसत असणार, आणि आता मैदानात उतरून बॉल बाहेर मारायची सोय नाही. जादा वेळेत ग्रीसच्या तोरोसिदीसनं गोल केला. ०-१.

माझे घरमालक सत्तरीपुढचे, कट्टर स्लीमाचे. ते त्या दिवशी स्टेडियममध्ये होते. पण पार्किंगमधून गाडी लवकर काढायची म्हणून अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला उठले. अजूनही विचारलं तर मॅच ०-० सुटली म्हणून सांगतात, आणि मी मोबाइलवर निकाल काढून दाखवला तेव्हा चष्मा घरी राहिलाय म्हणाले.