आमची वाटचाल : अक्षरांपासून कॉमिक्सपर्यंत

लोअर परळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचा गाळा आहे. खालच्या मजल्यावर बाइंडर, शेजारी स्क्रीन प्रिंटिंगवाले, आणि मधे आम्ही, मराठी कॉमिक्स करणारी पाच माणसं. मी मूळचा अक्षरांचा माणूस. जे. जे. या मुंबईच्या कला महाविद्यालयातून उपयोजित कला शिकून बाहेर पडलो आणि बरीच वर्षं लग्नपत्रिका, दिवाळी अंक, नाटकांच्या जाहिराती यांची अक्षरं काढली. अक्षरकार कमल शेडगे नाटकाचं नाव असं काढत की जाहिरात बघूनच नाटकाचा बाज कळायचा. ती कात्रणं माझ्या वहीत अजून आहेत.

कॉमिक्सचं पहिलं काम आलं ते भाषांतराचं. चित्रं तयार होती, इंग्रजी मजकूर काढून संवादाच्या फुग्यांत मराठी बसवायचं होतं. तिथेच या धंद्याची खरी मेख कळली. इंग्रजी कॉमिक्सचे संवाद बहुधा कॅपिटल अक्षरांत असतात, त्यामुळे ओळी एकमेकींना चिकटून बसल्या तरी चालतं. देवनागरीत वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. ‘र्कीं’च्या डोक्यावर केवढी गर्दी असते बघा! ओळींमध्ये जागा सोडली नाही तर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. फुगा मोठा करावा तर चित्रातल्या माणसाचं डोकं झाकतं. शेवटी अक्षर बारीक होतं, आणि वाचणारं पोर चौथ्या पानावर पुस्तक मिटतं.

मराठी कॉमिक्स पहिल्या रेघेपासून मराठीत घडवलं पाहिजे, हे माझं ठाम मत तेव्हापासूनचं. आमची फर्म त्याच एका मतावर उभी आहे.

आमच्याकडे संहिता आली की आधी पानांचे छोटे कच्चे आराखडे होतात. त्यावर संवाद खऱ्या फाँटमध्ये, खऱ्या मापात ठेवून बघतो. मगच चित्रकार पेन्सिल उचलतो. उदाहरण सांगतो. दादरच्या पुलावर आई आणि मुलगी. आई म्हणते, ‘अगं थांब, गाडी हलली!’ मुलगी म्हणते, ‘मिळेल गं!’ आपण डावीकडून उजवीकडे, वरून खाली वाचतो, म्हणजे आधी बोलणारी आई डावीकडे हवी. ती उजवीकडे उभी राहिली तर दोन फुग्यांची शेपटं एकमेकांना छेदतात आणि वाचक अडखळतो. कोणी कुठे उभं राहायचं हे संवाद ठरवतो. चित्रकारांना सुरुवातीला हे जाचक वाटतं. दोन-तीन पानं केली की तेच आधी विचारतात, फुगा कुठे येणार?

साध्या बोलण्यासाठी आम्ही तयार फाँट वापरतो. मुंबईच्याच एक टाइप या गटाने केलेला ‘बालू’ मोफत मिळतो आणि त्याची गोलसर अक्षरं फुग्यात छान बसतात. ओरडणं मात्र हाताने काढतो. देवनागरीत कॅपिटल नाहीत, तेव्हा आवाज चढला हे शिरोरेषेच्या जाडीतून आणि अक्षराच्या झुकण्यातून दिसायला हवं. धाडकन, खळकन, सळसळ यांना तर ब्रशच हवा.

छपाईचं शिक्षण प्रेसमध्ये उभं राहूनच झालं. एका मोठ्या कागदावर सोळा पानं छापून तो दुमडतात, तो एक फर्मा; म्हणून आमची पुस्तकं दोन फर्म्यांची, 32 पानांची, मधोमध पिना मारलेली. उजवं पान नेहमी विषम आकड्याचं. रहस्य त्या पानाच्या शेवटच्या चौकटीत अर्धवट ठेवायचं, म्हणजे पान उलटावंच लागतं. रंगीत छपाईत चार रंगांच्या चार वेगळ्या प्लेट असतात; मजकूर फक्त काळ्या प्लेटवर ठेवायचा, हे मी शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. चार रंग मिसळून काळा केला आणि छापताना एखादी प्लेट केसभर सरकली, तर अक्षराला रंगीत कड येते आणि बारीक जागा भरून जातात. शिवाय भाषा बदलायची झाली तर एकच प्लेट बदलावी लागते. अनेक भाषांत कॉमिक्स काढण्याची मुंबईला जुनी सवय आहे. 1964 साली इंद्रजाल कॉमिक्स इथून सुरू झाली, 1967 साली अनंत पै यांची अमर चित्र कथा. राम वाईरकर आणि प्रताप मुळीक यांची त्यातली पानं आम्ही आजही भिंग घेऊन बघतो.

वेळापत्रक प्रेसच्या हिशोबाने ठरतं. पावसाळ्यात कागद दमट होतो, रंग जुळवायला त्रास पडतो. त्याच सुमारास गणेशोत्सव मंडळांची पावतीपुस्तकं आणि अहवाल मशीनवर चढतात, पाठोपाठ दिवाळी अंक. आमचं लहान काम तेव्हा मागे पडणारच. म्हणून आम्ही मार्च-एप्रिलमध्ये छापतो आणि मे महिन्याच्या सुट्टीत विकतो.

कागदपत्रांचा भाग सोपा. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, सरकारकडून विनाशुल्क मिळतो, छापील पुस्तकावर जीएसटी नाही, आणि 1954 च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने ठरलेल्या ग्रंथालयांना प्रती पाठवायच्या असतात. मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय त्यातलं एक.

गाळ्याचं भाडं अजूनही इतरांच्या अक्षरकामातून निघतं, आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही. शनिवारी दुपारी आम्ही शिकवतो. येणाऱ्या मुलांना लगेच जाडजूड ग्रंथ करायचा असतो. आम्ही एक ए-फोर कागद देतो. तो तीनदा दुमडून मधे एक काप दिला की आठ पानांची पुस्तिका होते. त्यात गोष्ट पुरी करायची, झेरॉक्स काढायची आणि अनोळखी माणसाला वाचायला द्यायची. तो कुठे थांबला, कुठे मागे गेला, ते गुपचूप बघायचं. या सरावातून तयार झालेली दोघं आता आमच्याकडेच इंकिंग, म्हणजे पेन्सिलीच्या चित्रावर शाई फिरवण्याचं काम, करतात.

सध्या वरळी कोळीवाड्यातल्या एका आजीची गोष्ट हातात आहे. संवाद कोळी बोलीत आहेत आणि ते तिथल्याच बायकांकडून वाचून घेतले. फुगे बसवून झाले, पेन्सिलिंग चालू आहे. एप्रिलमध्ये छपाईला जाईल.