"एवढासुदीक हलीवला न्हाई"

एक्स-रे सुरेख होता. दंडाच्या हाडाचं खांद्यालगतचं टोक मोडलं होतं, पण जागचं सरकलं नव्हतं, त्यामुळे ऑपरेशन टळलं होतं. हाडाच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली, "छान जुळलंय" म्हणाले आणि मावशींना माझ्याकडे फिजिओथेरपीला धाडलं. त्यांच्या लेखी केस संपली होती.

मावशी साठीच्या पुढच्या, मधुमेह असलेल्या, गोठ्यात घसरून पडलेल्या. पडल्याला अडीच महिने होत आले तरी गळ्यात निळी झोळी, म्हणजे आर्म पाउच. "एवढासुदीक हलीवला न्हाई बगा," त्या अभिमानानं म्हणाल्या. वेणीफणी, आंघोळ, सगळं सून करत होती. "झोपतानाबी काढू दिली न्हाई आमी," ती म्हणाली.

झोळी काढली, पण हात खाली आलाच नाही. कोपर काटकोनात घट्ट. हात पुढून उचलायला गेले तर 40 अंशांतच पाठीचं खवाटं सोबत उचललं जायला लागलं. बोटं सुजून चकचकीत, मूठ वळेना, बांगड्या मनगटात रुतलेल्या. काखेतली कातडी ओली राहून पांढरी पडली होती.

ती झोळीही धड बसवलेली नव्हती. मेडिकलवाला 'सगळ्यांना होते' म्हणून एकच माप देतो. झोळीचं कापड करंगळीच्या मुळापर्यंत यायला हवं आणि पंजा कोपरापेक्षा किंचित वर राहायला हवा. मावशींचं मनगट झोळीच्या कडेवरून खाली लोंबत होतं. सूज उतरणार कुठून? पट्ट्याचा भार मानेवर एकाच जागी येऊ नये म्हणून खाली मऊ घडी हवी, काखेत सुती कापड हवं, ते रोज बदलायला हवं. आणि मुख्य म्हणजे झोळी खांद्यासाठी असते. मूठ वळणं, मनगट फिरवणं पहिल्या दिवसापासून चालू ठेवायचं, आणि दिवसातून चार-पाचदा झोळी सोडून, दंड अंगाशी ठेवून कोपर उघडायचं. अशा न सरकलेल्या फ्रॅक्चरमध्ये दुखणं जरा निवलं की साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर, टेबलाला धरून वाकायचं आणि हात सैल सोडून हलकेच झुलवायचा.

डिस्चार्ज कार्डावर यातलं काय होतं? "झोळी 6 आठवडे. हात हलवू नये." बस्स.

"सहा आठवड्यांनी का नाही आलात?" मी विचारलं.

"ऊसतोड चालू हुती. आन दुखत बी नव्हतं."

हलवलाच नाही तर दुखणार कसा! चौथ्या दिवशी झोळी खुंटीला टांगून धार काढायला बसणारे पेशंट मला सवयीचे आहेत, त्यांच्यावर ओरडता येतं. इथे ओरडायचं कुणावर? सांगितलेलं तंतोतंत पाळणाऱ्या बाईवर? सासूचं सगळं बसल्या जागी करणाऱ्या सुनेवर? मधुमेहात खांदा आधीच लवकर आखडतो, हे डॉक्टरांना ठाऊक असतं. पण ओपीडीत दोन वाक्यं जास्त बोलायला कुणाला वेळ नसतो, आणि फिजिओथेरपी म्हणजे शेवटी लावायचं शेपूट, असाच आमच्याकडे समज आहे.

बरेच महिने गेले. मूठ आता वळते, कोपर जवळजवळ सरळ होतं, डोक्यावर पदर घेता येतो. पाठीमागे हात अजून जात नाही, आणि तो पूर्ण जाईल असं मी त्यांना सांगितलेलं नाही.

कार्डावर 'बोटं, मनगट, कोपर रोज हलवा' एवढी ओळ टाका, असं मी ऑफिसात सांगून आले. पुढच्या छपाईत टाकू म्हणाले. जुन्या कार्डांचे गठ्ठे कपाटात भरपूर आहेत. तोवर समोर येईल त्या कार्डावर मी ती ओळ पेनानं लिहिते.